फ्लाइंग स्कूलने परवानगी दिली म्हणजे शिकाऊ वैमानिकांवर अभ्यास सुरू करता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात मानसशास्त्रात एमए करताय, प्रबंध शिकाऊ वैमानिकांचा थकवा आणि नैराश्य यावर आहे, बारामतीकडच्या एका फ्लाइंग स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरांनी तोंडी होकार दिलाय. आता प्रश्नावल्या वाटायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मी इथल्याच एका कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीवर आहे आणि ह्युमन फॅक्टर्स (काम करताना माणूस कसा वागतो, कुठे चुकतो) हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झोप लागत नाही, उदास वाटतं, हे बँकेतल्या माणसाने तुम्हाला सांगितलं तर फार तर प्रबंधातला एक आकडा वाढतो. शिकाऊ वैमानिकाने सांगितलं आणि ते बाहेर फुटलं, तर त्याचं मेडिकल (उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) अडकू शकतं आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज डोक्यावर राहतं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून नाव विचारलंत की उत्तरं गुळमुळीत येतात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वैमानिकांची पूर्णपणे निनावी ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. त्यात नैराश्याची प्रश्नावली भरणाऱ्या १,८४८ जणांपैकी १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसले आणि ४.१ टक्क्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आल्याचं लिहिलं. नाव द्यावं लागलं असतं तर यातले किती जण खरं बोलले असते?

पण निनावीपणाने एक पेच सुटतो आणि दुसरा उभा राहतो. तुम्ही पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली वापरणार असं लिहिलंय. त्यातला नववा प्रश्न नेमका याच विचारांबद्दल आहे. संध्याकाळी घरी बसून कागद चाळताना एकाने तिथे ‘जवळजवळ रोज’ वर खूण केलेली दिसली, आणि तो कोण हे कळायला मार्ग नाही, तर काय कराल? आणि नाव माहीत असेल, उद्या सकाळी त्याची सोलो सॉर्टी (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याचं उड्डाण) असेल, तर? २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्स या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून आल्प्समध्ये घातलं, १५० माणसं गेली. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणीही कंपनीला कळवलं नव्हतं. फ्रेंच तपासयंत्रणेने नंतर दोन गोष्टी मागितल्या: गोपनीयता कधी मोडायची याचे स्पष्ट नियम, आणि नोकरी जाईल या भीतीने गप्प बसणाऱ्या वैमानिकांसाठी आधाराची सोय. दोन्ही एकत्र मागितल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेला मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ दुसऱ्याला होणारी इजा किंवा जिवाचा धोका टाळण्यासाठी, आणि तेव्हाही गरजेपुरतीच माहिती द्यायची.

म्हणून माझं स्पष्ट मत: एमएच्या प्रबंधात पीएचक्यू-९ घेऊच नका. धोका दिसला तर त्याच दिवशी माणसाशी बोलू शकणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोबत नसेल, तर तो प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार नाही. विषय थकव्यापुरता ठेवा. तरीही माहितीपत्रकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, आणि कोणत्या परिस्थितीत गोपनीयता मोडावी लागेल ते संमतीच्या आधी साध्या मराठी-हिंदीत लिहा. ‘सर्व माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ हे वाक्य पाळता येणार नसेल तर छापू नका.

आता परवानगीचं. चीफ इन्स्ट्रक्टरांचा होकार म्हणजे आवारात यायची मुभा. विद्यार्थ्यांची संमती वेगळी. सोलोला सोडायचं की नाही हे ज्यांच्या सहीवर ठरतं, तेच ब्रीफिंग रूममध्ये उभे राहून ‘चला, सगळ्यांनी भरून टाका’ म्हणाले, तर नाही कोण म्हणणार? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची संशोधन-नीतीची मार्गदर्शक तत्त्वं अशा वरिष्ठ-कनिष्ठ नात्यातल्या सहभागींना जास्त जपायला सांगतात. फॉर्म तुम्ही स्वतः द्या, इन्स्ट्रक्टर खोलीत नसताना. कोणी भरला आणि कोणी नाही हे स्कूलला कळता कामा नये. स्टुडंट पायलट लायसन्स सोळाव्या वर्षी मिळू शकतं, तेव्हा अठराच्या आतले असतील तर पालकांची संमतीही लागेल. आणि पहिला फॉर्म देण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, मागाहून ती मिळत नाही. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे रीतसर जाता येतं, गाइडना विचारा.

नाव न लिहून भागत नाही, हेही सांगते. तीस जणांच्या स्कूलमध्ये ‘मुलगी, २२ वर्षं, १४० उड्डाणतास, ईशान्येकडची’ असं लिहिलं की कॅन्टीनवालासुद्धा ओळखेल. वय आणि तास गटांत विचारा, राज्य विचारूच नका.

उड्डाणाच्या सुरक्षिततेचं तुम्ही ओझरतं विचारलंय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सॉर्टीच्या आधी कुणालाही काही भरायला देऊ नका. प्री-फ्लाइट तपासणीत इंधन, ऑइल, फ्लॅप बघताना लक्ष तुटलं तर एखादी पायरी गळते, आणि ती तुमच्या अभ्यासामुळे गळलेली असेल. किती झोप येतेय हे मोजणारी कॅरोलिन्स्का श्रेणी १ (पूर्ण जागा) ते ९ (डोळे मिटतायत) असते; उड्डाणाआधी कुणी ९ लिहिलं तर तुम्ही ती माहिती खिशात ठेवून रनवेकडे बघत बसणार का? मंगळूरला २२ मे २०१० च्या विमान अपघातात १५८ जण गेले. कॅप्टन बराच वेळ झोपेत होते, आणि झोपेतून उठल्यावरची सुस्ती चौकशीत एक कारण म्हणून पुढे आली. त्यामुळे मोजणी उतरल्यावर, डीब्रीफिंग (उड्डाणानंतरची इन्स्ट्रक्टरशी चर्चा) संपल्यावर. उड्डाणाआधीची नोंद हवीच असेल तर कितीच्या वर काय करायचं ते आधी ठरवा, सहभागींना सांगा, कमिटीला लिहून द्या. विमानात कॅमेरा, सेन्सर काहीही लावायचं नाही. सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट) वापरलात तर चक्कर-मळमळ थोड्या वेळाने येऊ शकते. उतरल्या-उतरल्या कुणी टू-व्हीलर काढणार नाही हे बघा.

खरा ताण यावा म्हणून खोटी आणीबाणी सांगण्याची कल्पना तुमच्या आराखड्यात आहे, ती आजच खोडा. १९६२ मध्ये अमेरिकेत असा प्रयोग प्रसिद्ध झाला होता: सैनिकांना विमानात बसवून, हवेत एक पंखा थांबवून, विमान समुद्रात उतरवावं लागणार असं सांगितलं आणि त्यांच्याकडून आणीबाणीचे फॉर्म भरून घेतले. त्यातली बरीच माणसं आपला जीव धोक्यात आहे असं धरून बसली होती. आज कोणतीही कमिटी हे मंजूर करणार नाही.

स्कूल तुमच्याकडे निकाल मागेल. एकत्रित आकडेच द्यायचे, बॅचनुसार फोड नाही, हे चीफ इन्स्ट्रक्टरांकडून आत्ताच लेखी घ्या. ते तयार नसतील तर दुसरं स्कूल शोधा. माहितीपत्रकाचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचेन.