इविंग सार्कोमाचा संशय आहे, बायोप्सी जवळच करून घ्यावी का?

ताई, तुमच्या १६ वर्षांच्या भावाच्या नडगीवर सूज आहे, एमआरआयमध्ये इविंग सार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरचा, संशय आलाय आणि घरचे म्हणताहेत की कराडमध्येच दोन दिवसांत बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं) उरकून घेऊ. कृपा करून थांबवा त्यांना. पुढे जिथं मोठं ऑपरेशन होणार, बायोप्सीही तिथंच होऊ द्या.

सुई ज्या वाटेनं हाडापर्यंत जाते, त्या वाटेत गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती वाटही गाठीबरोबर काढावी लागते. वाट चुकली तर पाय वाचवणं अवघड होतं.

आम्ही तासगावचे. माझा मुलगा १४ वर्षांचा होता. कबड्डीत लागलं असेल म्हणून महिनाभर तेल चोळलं. पोरगं रात्री दुखण्यानं उठून बसायचं, तरी आमच्या ध्यानात आलं नाही. मग ताप आला, रक्ताच्या तपासणीत ईएसआर (शरीरात दाह असल्याची खूण) वाढलेला निघाला. एका दवाखान्यात हाडात पू झालाय म्हणून चीर दिली. या आजारात तशी गफलत होते, मान्य आहे. पण ती चीर आडवी होती. पुढं मुंबईत तेवढी सगळी कातडी काढावी लागली, पोटरीचं मांस फिरवून वर मांडीची कातडी लावली. पाय राहिला, पण गुडघा पूर्ण वाकत नाही.

परळच्या टाटाला जाताना एक्स-रे, एमआरआयच्या सीडी सगळं न्या. तिथं तुकड्यावर जनुकीय तपासणी होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमा हा दुसरा कॅन्सरही असाच दिसू शकतो. इविंगमध्ये बहुतेक वेळा ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. फुप्फुसांत पसरलाय का, तेही बघतात. आधी साधारण तीन महिने केमो, मग ऑपरेशन किंवा रेडिएशन, मग पुन्हा केमो. वर्षभराची तयारी ठेवा.

एक गोष्ट संकोच न करता विचारा: केमोच्या आधी त्याचे शुक्राणू साठवून ठेवता येतील का? आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. त्याची खंत आजही आहे.

केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ झाला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

मुंबईला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस कराडला थांबते. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत आहे, दवाखान्यातून दाखला घ्या. तोवर त्या पायावर भार देऊ नका, हाड पोखरलेलं असेल तर साध्या ठेचेनंही मोडतं. आणि तेल चोळत असाल तर आजच बंद करा.