कामाचं दार उघडं, घराचं ओढलेलं

कामासाठी सोशल मीडियावर नव्यानं सुरुवात करताय, तर आधी एक ठरवा: लिंक्डइन कामासाठी, फेसबुक आपल्या माणसांसाठी. दोन्हीकडे सगळ्यांनाच घेत सुटलं की पुढे निस्तरणं अवघड जातं. मला हे उशिरा कळलं. एका ग्राहकानं बैठकीत सहज माझ्या मुलीच्या शाळेचा विषय काढला. फोटोतल्या गणवेशावरून त्यानं ओळखलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण मी हादरले.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे. ती आजच वापरा. कुणी टॅग केलं तर ते आपल्या प्रोफाइलवर दिसण्याआधी तपासायचं, हेही तिथंच ठरवता येतं. इन्स्टाग्रामवर मात्र जपून. प्रोफेशनल, म्हणजे कामासाठीचं, खातं खासगी ठेवता येत नाही, म्हणून घरचे फोटो असलेलं खातं प्रोफेशनलमध्ये बदलू नका, नवं काढा.

फोन नंबराबाबत मी फार आग्रही आहे. फेसबुकच्या संपर्क शोधण्याच्या सोयीचा २०१९ पर्यंत गैरवापर करून गोळा केलेली ५३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती, नंबरांसकट, २०२१ मध्ये फुकट फिरत होती. पासवर्ड चटकन बदलतो, नंबर नाही. कामासाठी वेगळा नंबर आणि ईमेल घ्याच.

पण या भीतीनं गप्प बसू नका. काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं, हे मोकळेपणानं लिहा. माझ्याकडे बरीचशी कामं अशा लिखाणातूनच आली. प्रवासाचे फोटो तेवढे परतल्यावर टाका.