डॅशबोर्डच्या पत्र्यातील गेजची भोके

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या १९८६ सालच्या पद्मिनीसाठी ३ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे डॅश-पॅनेल मी घरीच तयार करत आहे. त्यात ५२ मिमीची तीन गेज (काट्याची मापके) आणि ८५ मिमीचा एक स्पीडोमीटर बसवायचा आहे. पहिले भोक दोन इंची होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) पाडले, परंतु गेज आत जाईना. कानस मारता मारता भोक अंडाकृती झाले. उरलेली भोके कशी पाडावीत?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली चूक हाताची नसून मापाची आहे. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, आणि बाजारात ज्याला आपण ५२ मिमीचे गेज म्हणतो त्याचे मूळ माप दोन पूर्णांक एक सोळांश इंच, म्हणजे ५२.४ मिमी असते. खोक्यावरचा आकडा प्रमाण न मानता प्रत्येक गेजचे बूड (पत्र्यामागे जाणारा भाग) आणि बाहेरची कडी ही दोन्ही मापे व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) घ्यावीत. भोक बुडापेक्षा किंचित मोठे हवे. ते किती मोठे चालेल, हे कडीच्या रुंदीवर ठरते. आपले अंडाकृती भोकही कडीखाली झाकले जात असेल, तर पॅनेल टाकून देण्याचे कारण नाही.

पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर सर्व केंद्रे आखावीत, पुठ्ठ्याचा नमुना गाडीत धरून स्टिअरिंगच्या चाकातून काटे दिसतात का ते ड्रायव्हरच्या जागी बसून पाहावे, आणि मगच केंद्रांवर सेंटर पंच (खळगा पाडणारे टोकदार हत्यार) मारावा. पत्र्याखाली प्लायचा तुकडा ठेवून दोन्ही सी-क्लॅम्पने एकत्र आवळावेत, म्हणजे होल सॉच्या मधल्या पायलट ड्रिलला आधार मिळतो. साधे एकाच वेगाचे हात-ड्रिल मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेते. एवढ्या मोठ्या होल सॉला मात्र दोनशे ते अडीचशे फेरे पुरेत. वेग जास्त झाला की अ‍ॅल्युमिनियम दातांत चिकटून बसते आणि पुढे होल सॉ कापण्याऐवजी घासू लागतो, म्हणून मधूनमधून थांबून रॉकेलचे थेंब सोडावेत व दात ब्रशने साफ करावेत. पहिले भोक त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावरच पाडून पाहावे.

होल सॉ मापापेक्षा जरा लहान निघाला, तर कानशीऐवजी भोकापेक्षा किंचित लहान असा गोल लाकडी ठोकळा घेऊन त्याला पॉलिश पेपर गुंडाळावा व तो भोकात फिरवत राहावे. कानस एका जागी खाते, ठोकळा मात्र सगळीकडे सारखा घासतो.

८५ मिमीचे भोक हात-ड्रिलने पाडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दात अडकला की ड्रिल हातातून फिरते आणि मनगट पिरगळते. स्टँड ड्रिल नसेल, तर वागळे इस्टेट किंवा रबाळे परिसरातील एखाद्या लेझर कटिंगवाल्याला मोजमापांसह आराखडा द्यावा. तसे करायचे ठरल्यास चारही भोके नव्या पत्र्यावर एकदमच कापून घेणे अधिक शहाणपणाचे.

तापमानाचे गेज बारीक तांब्याच्या नळीचे असेल, तर तिच्या टोकाचा फुगा फायरवॉलमधून (इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्यातून) इंजिनपर्यंत न्यावा लागतो. ती नळी कापता वा जोडता येत नाही, त्यामुळे तेथील भोक फुग्याच्या मापाचे करून त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे रबर) घालावे. पॅनेलला पावडर कोटिंग (भुकटीच्या रंगाचा भाजलेला थर) करणार असाल, तर त्या थरातून वीज जात नसल्याने प्रत्येक गेजला अर्थिंगची वेगळी काळी तार द्यावी, नाहीतर दिवे लावताच काटे हलू लागतील.