धातू तयार, मालकांचा फोन लागेना

“मी जागेवर नसलो की काम अडते. माणसे वर्षानुवर्षे माझ्याकडे आहेत, पण जबाबदारी कोणी घेत नाही.” लहान आणि मध्यम उद्योगांचे मालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचे पहिले वाक्य याच अर्थाचे असते. या काळजीला दोन ओळींचे उत्तर देता येत नाही, म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीचा, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचा, अनुभव सांगतो. मालकांच्या संमतीने लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्या वडिलांनी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली होती. मुलाने तो व्यवसाय वाढवत शिरोलीत फौंड्री उभारली. तिथे पंप आणि ट्रॅक्टरची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, तयार होतात, कामगार ४६. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी तासभर फोन बंद ठेवला होता. नेमक्या त्याच वेळी पंपाच्या कामाचे कोअर (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) कमी पडले. भट्टीत धातू तयार होता, शेजारी दुसऱ्या कामाचे साचे लावून ठेवलेले होते. तरीही सुपरवायझरने ओतकाम केले नाही. जवळपास पन्नास मिनिटे धातू भट्टीत तसाच तापत राहिला. इंडक्शन भट्टीत असे धरून ठेवलेल्या धातूवर वीज तर जळतेच, शिवाय त्याची प्रतही उतरत जाते.

“सतरा वर्षं झाली त्याला माझ्याकडं. समोर साचे दिसत होते. तेवढंही कळू नये?” असे म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. कामगारांना जबाबदारीच्या विषयावर एक व्याख्यान द्यावे, अशी त्यांची माझ्याकडून अपेक्षा होती. मी ते देण्यास नकार दिला आणि एक दिवस त्यांच्या केबिनमध्ये बसण्याची परवानगी मागितली.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात कोण काय विचारायला येते, याची नोंद मी वहीत करत गेलो. एकूण ४१ प्रश्न झाले. हातमोजे आणायचे होते, गेटवर ट्रक थांबला होता, स्टोअरची किल्ली हवी होती. ती किल्ली मालकांच्या खिशातच असे. नोंदी वाचताना माझ्या लक्षात आले की बऱ्याच प्रश्नांत उत्तर आधीच दडलेले होते. मोल्डिंगचा, म्हणजे मातीचे साचे बनवणारा, माणूस आला आणि म्हणाला, “साहेब, मातीत ओल जास्त वाटतेय, ब्लो होल (कास्टिंगमध्ये पोकळ्या) येतील. मिक्सर थांबवून माती...” त्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मालकांनी तेच उत्तर दिले. तो मान हलवून निघून गेला. त्याला जे माहीत होते, तेच त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि त्या निर्णयाचा धनी मात्र तो राहिला नाही.

मालकांच्या या तत्परतेमागे अहंकार होता असे मला वाटत नाही. ते हे काम हाताने शिकले आहेत. माती चिमटीत धरली की ओल किती आहे ते त्यांना कळते. कामावर जीव असणाऱ्या माणसाला उत्तर रोखून धरणे फार जड जाते. पण त्या तयार उत्तरांनीच ४६ माणसांना विचारत राहण्याची सवय लावली होती.

सुपरवायझरशी मी स्वतंत्रपणे बोललो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी न विचारता एक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, दुसऱ्या कामाकडे वळवली होती, त्यामुळे एका ग्राहकाचा माल दोन दिवस उशिरा गेला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा झाला. “त्या दिवशी ठरवलं, विचारल्याशिवाय लॅडल (धातू ओतायचे भांडे) उचलायचा नाही.” हे सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. सतरा वर्षे काम केलेल्या माणसाला कळत नव्हते असे नाही. कळूनही काही करू नये, हे त्या दिवशी त्यांना शिकवले गेले होते.

आणखी एक गोष्ट केबिनमध्येच दिसली. टेबलाच्या कोपऱ्यात थकलेल्या बिलांची फाईल होती. दोन ग्राहकांचे पैसे तीन महिन्यांहून अधिक काळ अडकले होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मालकांना हे ढोबळमानाने ठाऊक होते, पण पाठपुरावा करायला वेळ नव्हता. हातमोज्यांचा निर्णय कोणीही घेऊ शकत होते. ग्राहकासमोर बसून पैसे मागण्याचे काम मात्र त्यांच्याशिवाय कोणी करणार नव्हते आणि नेमके तेच राहून जात होते.

मग मालक, सुपरवायझर आणि मी अशा तिघांनी बसून एक पान लिहिले. कोअर कमी पडले तर कोणते काम ओतायचे, हे सुपरवायझर ठरवतील आणि संध्याकाळी सांगतील. पाच हजारांपर्यंतची खरेदी स्टोअरकीपर करेल, किल्लीही त्याच्याकडे राहील. ग्राहकाला दिलेली तारीख बदलायची असेल तर आधी मालकांना विचारायचे. भट्टीच्या अस्तराबद्दल शंका आली तर काम थांबवायला कोणाचीच परवानगी लागणार नाही. मालकांसाठी एकच नियम होता: प्रश्न आला की “तुम्हाला काय वाटतं?” एवढे विचारायचे आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायचे. ते थांबणे जमावे म्हणून त्यांनी टेबलावर तांब्या-भांडे ठेवले. प्रश्न आला की आधी दोन घोट पाणी.

मी एका गोष्टीचा फार आग्रह धरला. अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून त्याची भरपाईही चारचौघांतच व्हायला हवी होती. मालकांना ते पटायला दोन बैठका लागल्या. शेवटी एका सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी सगळ्यांसमोर ते सुपरवायझरना म्हणाले, “त्या दिवशी मी बोललो ते चुकलं.” त्यापुढे त्यांना बोलता आले नाही आणि बोलण्याची गरजही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. स्टोअरकीपरने नव्या व्यापाऱ्याकडून ४,८०० रुपयांचा स्वस्त बेंटोनाइट (साच्याची माती बांधून ठेवणारी चिकणमाती) घेतला. त्याने माती नीट बांधली गेली नाही, साचे ढासळले आणि साठ कास्टिंग्ज रिजेक्ट झाली. रिजेक्शन पुन्हा वितळवता येते, पण वीज आणि मजुरी गेली ती गेलीच. मालकांनी रागाने मला फोन केला, तेव्हा मी इतकेच म्हणालो की खरेदी आपण ठरवलेल्या मर्यादेत आहे, तेव्हा या नुकसानीतला अर्धा वाटा आपला आहे; दार लावून घ्या आणि त्याने काय पाहून घेतला ते विचारा. त्यांनी तसे केले. नवा माल वापरण्याआधी लॅबमध्ये मातीची चाचणी घ्यावी, हे स्टोअरकीपरने स्वतःच सुचवले आणि ते त्या पानावर लिहिले गेले.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. दर ठरवण्याच्या कामात ते अजून कोणाला हात लावू देत नाहीत आणि रात्रपाळीचे फोन अजून येतात. पण थकलेल्या बिलांसाठी ते स्वतः ग्राहकांकडे गेले आणि त्यांतले एक बिल वसूलही झाले.

मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मुहूर्ताच्या सुमारास सुपरवायझरचा संदेश आला होता, तो त्यांनी वाचून दाखवला: “कोअर कमी पडले. पंपाचं थांबवून ब्रॅकेट ओतले. तुम्ही आल्यावर बोलू.” क्षणभर थांबून ते म्हणाले, “मी असतो तर ब्रॅकेट नाही, हाऊसिंग ओतलं असतं. पण मी काही कळवलं नाही. सोमवारी विचारतो, ब्रॅकेटच का निवडलं ते.”