फादर डोकी मोजत होते

"एकतीस," फादर म्हणाले. अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते.

मी कागदावर ३१ लिहिलं आणि थांबले. आकड्यानं सुरुवात करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला बरीच येतात. बहुतेकांचा आकडा पैशांचा असतो, नाहीतर मुलाच्या टक्क्यांचा. फादरांचा आकडा झावळ्यांचा निघाला.

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या वाटतात, लोक त्या घरी नेऊन क्रुसामागे खोचतात आणि वर्षभर ठेवतात. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला की परत आणून देतात. त्या जाळून जी राख होते, तीच उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर लावायची. फादरांनी मागच्या वर्षी दीडशे झावळ्या वाटल्या होत्या. यंदा परत आल्या एकतीस.

"म्हणजे एकशे एकोणीस घरांतून आम्ही गेलो, मॅडम," ते म्हणाले. ही वजाबाकी त्यांनी माझ्यासमोर केली नव्हती. आधीच करून आणली होती.

(त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत. चर्चचं नाव विचारू नये.)

मार्च २०२५ चा दुसरा आठवडा होता. फॉर्मवर तक्रार लिहिली होती 'झोप'. पहाटे तीनला जाग येते, मग झोप येतच नाही. वय पन्नाशीच्या पुढं. मूळचे वसईचे, त्यामुळं मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या हेलाची. पाच वर्षांच्या कोल्हापुरानं त्यात 'काय सांगायलाय' घुसवलेलं.

ही चिंता फक्त धर्मगुरूंची नाही. "मी एवढं करते, पण माणसं येत नाहीत. माझंच काही चुकतंय का?" हे वाक्य मी भजनी मंडळाच्या ताईंकडून ऐकलंय, वाचनालयाच्या कार्यवाहांकडून ऐकलंय, आणि एका सोसायटीच्या चेअरमनकडून तर रडत ऐकलंय. गणपतीच्या बैठकीला साठ घरांतून चार जण आले होते त्यांच्या. माणसं जोडायचं काम ज्यानं अंगावर घेतलं, त्याच्या डोक्यात एक हजेरीपट बसतो. त्यात आलेल्यांची नावं फिकट पेन्सिलीनं आणि न आलेल्यांची लाल शाईनं लिहिलेली असतात.

पहिल्या भेटीत जे विचारायचं ते विचारलं. भूक कशी आहे, आवडायच्या गोष्टींत मन लागतं का, जगू नये असं वाटतं का. शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना सरळ विचारते, झगा घातलेल्यांनाही. ते म्हणाले, "नाही. पण सकाळी उठलं नाही तरी चालेल असं वाटतं." हा फरक महत्त्वाचा असतो, पण सोडून देण्याइतका लहान नसतो. त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. कामाच्या ताणानं येणारी थकावट, कामाबद्दल तुटलेपण आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना, या तिन्हींना मिळून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट म्हटलं. फादरांकडे तिन्ही होत्या. तुमची झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल आणि कशातच रस वाटत नसेल, तर लेख वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहेच.

दुसऱ्या भेटीत मोजणी बाहेर आली. फादर दर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, डोकी मोजत होते. वेदीमागं उभं राहिलं की सगळे समोर दिसतात. प्रवचनाआधीच्या दोन मिनिटांत मोजून होतात, असं ते म्हणाले. एखादा कंडक्टर गाडी सुटायच्या आत तिकिटं जुळवतो, त्या सहजतेनं.

"मोजून काय करता?"

"मागच्या रविवारशी ताडून बघतो."

"वाढले तर?"

"म्हणतो, पाहुणे आले असतील."

"आणि कमी झाले तर?"

थोडं थांबून म्हणाले, "तर माझ्यामुळं."

मी काही बोलले नाही. ते स्वतःच हसले. पण हसण्यानं सवय जात नाही.

त्यांचा मोजायचा गज कुठून आला, हेही कळलं. लहानपणी वसईच्या गावात रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये असायचं. बाहेरही माणसं उभी. सणाला बँड, लग्नाला आठवडाभर पाहुणे. कोल्हापूर वेगळं आहे. इथली जुनी ख्रिस्ती घराणी बहुतेक १८५२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन मिशनच्या वळणाची, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक मंडळी त्यामानानं थोडी आणि बरीचशी नोकरीनिमित्त आलेली: केरळच्या नर्सेस, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले मंगळुरी, गोव्याचे शिक्षक, शिवाय थोडी स्थानिक मराठी घरं. मुलं बारावी झाली की पुणं नाहीतर बंगळूर. एका मिस्सेत चार भाषांचे लोक, आणि कुठल्या भाषेत गायचं यावरून दर नाताळाला रुसवे. शिवाय उपवासकाळात शुक्रवारी मटण बंद! बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार पाळणाऱ्या गावात हे सांगणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळेल. "त्यात राखेचा बुधवारही बंद. म्हणजे त्या आठवड्यात एकटा रविवार उरतो," असं एका काकांनी त्यांना गंभीर चेहऱ्यानं ऐकवलं होतं.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना गृहपाठ दिला: महिन्याभरात दहा घरी सहज जाऊन या. पुढच्या भेटीला ते वही घेऊन आले. चौदा घरं, तारीख, वेळ, सोबत बरोबरच्या खुणा. प्रत्येक घरी बारा ते पंधरा मिनिटं, प्रार्थना, आशीर्वाद, चहा नको म्हणून निघाले. मी त्यांच्या हजेरीपटाला आणखी एक पान जोडून दिलं होतं. इतक्या वर्षांच्या कामानंतर एवढं सुचू नये याची लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या दिवशी ते पहिल्यांदा मागं टेकून बसले.

मग मी विचारलं, "फादर, तुम्ही आजारी पडलात तर कुणाला कळतं?"

"मिस्सा झाली नाही तर सगळ्यांना."

"समजा, मिस्सेनंतर पडलात?"

डिसेंबरात तसंच झालं होतं. ताप. सकाळची मिस्सा तीन दिवस त्यांनी कशीबशी उरकली, सात-आठ जणांत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि उरलेला दिवस अंथरुणात. स्वयंपाकाच्या मावशी गावी गेलेल्या. बिस्किटं आणि गोळ्या. कुणाला सांगितलं? नाही. का? "नाताळची गडबड होती सगळ्यांची. कशाला त्रास?"

हे ऐकताना मला त्या एकतीस झावळ्या पुन्हा आठवल्या. ज्यांच्या येण्या-न येण्यावर ते रात्ररात्र जागत होते, त्यांच्यापैकी एकालाही आपला ताप कळवायची त्यांना सोय वाटली नव्हती. उपवासकाळात त्यांच्यापुढं माणसं गुडघे टेकून पापनिवेदन करतात. ते काय ऐकतात ते मी विचारलं नाही, त्यांनीही ते सांगायचं नसतं. आमच्या दोघांच्या धंद्यात एवढं साम्य आहे. पण मी माझ्या सहकारी मैत्रिणीशी दर पंधरवड्याला बसून मन मोकळं करते. ते दुसऱ्या धर्मगुरूकडं पापनिवेदनाला जातात खरे, पण तापाला पापाचा दर्जा नाही, त्यामुळं तो तिथंही सांगायचा राहिला.

दुसरा गृहपाठ लहान होता. एकाच घरी जायचं, जेवायच्या वेळी, भुकेलं. आशीर्वाद द्यायचा नाही, वही न्यायची नाही, आणि डिसेंबरातल्या तापाचं सांगायचं.

"बोलावल्याशिवाय?"

"बोलावल्याशिवाय."

हा गृहपाठ त्यांनी दोन आठवडे टाळला. मधे ३० मार्चला पाडवा आला. तो त्या वर्षी नेमका उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी पडला. त्या रविवारी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र घालतात, अर्धा काळ सरला म्हणून थोडा आनंद. त्या दिवशीची डोकी त्यांनी मला फोन करून कळवली. फार कमी होती. मी म्हटलं, आज माझ्या घरीही श्रीखंड सोडून कुणी उठलेलं नाही.

शेवटी ते एका निवृत्त नर्सबाईंकडं गेले. केरळच्या, पण पस्तीस वर्षं कोल्हापुरात काढलेल्या. पोळ्या चालल्या होत्या. तापाचं ऐकल्यावर लाटणं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "तीन दिवस? आणि आम्ही काय मेलो होतो व्हय, फादर?" पुढची दहा मिनिटं त्यांनी फादरांना फैलावर घेतलं. ताप किती होता, कुठली गोळी घेतली, उपाशीपोटी घेतली का. मग ताट वाढलं, आणि ते संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

फादर हे सगळं मला सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता.

जेवताना त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. क्रुसामागं मागच्या वर्षीची झावळी, वाळून करडी झालेली. बाईंनी ते पाहिलं. "परत आणायची होती, ठाऊक आहे. पण ती यांनी खोचलेली आहे." नवरा ऑगस्टमध्ये गेला होता. अंत्यविधी फादरांनीच केला होता.

यावरून सगळ्या एकशे एकोणीस झावळ्यांमागं असंच काही असेल असं समजायचं कारण नाही, आणि मी त्यांना तसं समजूही दिलं नाही. पुढच्या दिवसांत ते आणखी काही घरी गेले. एका ठिकाणी झावळी कपाटावर जळमटात सापडली. एका ठिकाणी पोरानं विचारलं, "कुठली झावळी?" आणि एका घरी दारातच उभं ठेवून, साहेब झोपलेत म्हणाले. लोक खरंच कमी झालेत. ते दुःख खरं आहे आणि माझ्याकडं त्यावर औषध नाही. माझा मुद्दा एवढाच होता की ते दुःख आणि 'मी नालायक आहे' हे वाक्य एकाच ओळीत लिहायची त्यांना सवय लागली होती, आणि तापात एकटं पडणाऱ्या माणसाला ही सवय लवकर लागते.

ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, चर्चच्या हिशेबातली वसंताची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळं पुष्कळदा आपली चैत्री पौर्णिमा आणि त्यांचा पवित्र आठवडा शेजारी येतात. त्या वर्षी १२ एप्रिलला शनिवारी जोतिबाची यात्रा होती आणि १३ ला झावळ्यांचा रविवार. सगळं कोल्हापूर त्या दोन दिवसांत रस्त्यावर असतं. कुणी भाविकांना ताक देतं, कुणी फुकट पंक्चर काढून देतं. रविवारच्या मिस्सेला एक कॉलेजचा पोरगा आला, सात-आठ महिन्यांनी. केसांत गुलाल तसाच. मित्रांच्या सासनकाठीबरोबर डोंगरावर गेला होता, रात्रभर झोपला नव्हता. मागच्या बाकावरच्या दोघांनी नाकं मुरडली. एरवी फादरही मिस्सेनंतर बोलले असते. या वेळी त्याच्या हातात झावळी देताना त्यांनी विचारलं, "जेवलास का काही?" पोरगा म्हणाला, "तिथं जेवलो की, फादर. लई मोठं अन्नछत्र होतं." आणि शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तो आला नाही. फादरांनी हेही सांगितलं, पण लाल शाईतलं वाटलं नाही.

आमची पुढची भेट ईस्टरनंतरच्या बुधवारी होती. येतील असं वाटलं नव्हतं, कारण सोमवारी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले होते. आदल्याच दिवशी सज्जात येऊन त्यांनी लोकांना आशीर्वाद दिला होता. फादर आले, डोळे सुजलेले. शोकमिस्सा, फोन, वर्तमानपत्रवाले, सगळं चाललं होतं. सांगत होते की कोपऱ्यावरच्या तालमीच्या पोरांनी न विचारता 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावलाय. त्यावर पोपचा फोटो मधे, आणि खाली तालमीच्या अध्यक्षांसह अकरा जणांचे फोटो.

"बिशपस्वामींना फोटो पाठवला," ते म्हणाले. "म्हटलं, हे कोल्हापूर."

झोप आता पाचपर्यंत लागत होती. मावशी नसल्या की नर्सबाईंचा डबा येत होता, आणि तिखट कमी घाला म्हणण्याइतकी भीड चेपली होती.

निघताना मी विचारलं, शनिवारच्या रात्रीचं काय? ईस्टरची जागरण-मिस्सा अंधारात सुरू होते. बाहेर विस्तव पेटवतात, त्यावर मोठी पास्का मेणबत्ती लावतात, मग तिच्यावरून एकेकाची. अंधारात डोकी दिसत नाहीत, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं.

"डोकी नाही मोजली," फादर म्हणाले.

मी बघत राहिले.

"मेणबत्त्या मोजल्या. सत्तरपर्यंत. मग पुढच्या एका पोरीनं सगळं मेण माझ्या झग्यावर सांडलं, तिची आई तिला ओरडायला लागली, आणि त्या दोघींना शांत करण्यात आकडा गेला."

"परत नाही मोजल्या?"

"मोजणार होतो," ते दारातून चपला शोधत म्हणाले, "पण तोवर गाणं सुरू झालं होतं, मल्याळीत. मला ते अजून येत नाही. तोंड हलवत राहावं लागतं."