रात्री बर्फ गोठला होता का?

प्रश्न : आम्ही चौघं एप्रिलमध्ये बर्फातल्या ट्रेकला जातोय. आठवडाभर नवीन बर्फ पडलेला नाही, ऊनही छान आहे, मग हिमस्खलनाची भीती कशाला असं एका मित्राचं म्हणणं आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि निघायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. वसंतात ते छान ऊनच घात करतं. वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटत जाते आणि मध्ये कुठे जुना कडक थर असला की पाणी तिथे अडतं, मग वरचा सगळा ओला थर घसरायला मोकळा.

त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिलं हे बघा की रात्री बर्फ गोठला का. आकाश मोकळं असलं की बर्फातली उष्णता रात्रीतून निघून जाते आणि पहाटे वरचा थर चांगला टणक लागतो, पण तो टिकतो ऊन चढेपर्यंतच. ढगाळ रात्र म्हणजे बर्फावर पांघरूण, नुसता पातळ पापुद्रा धरतो आणि बूट टाकला की खाली सगळं भुसभुशीत. असं दिसलं किंवा रात्री पाऊस झाला असेल तर त्या दिवशी उतारावर जाऊच नका, मित्र कितीही चिडला तरी.

गोठला असेल तर अंधारातच निघा, म्हणजे ऊन तापायच्या आत तीव्र उतार मागे पडतील. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, पश्चिमेकडचे दुपारी, आणि 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात जास्त सुटतात. बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, की शिखर पाच मिनिटांवर असलं तरी मागे फिरा.

प्रश्न : प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं छोटं यंत्र) आहे, तेवढं पुरेल ना?

उत्तर : बीकन फक्त माणूस साधारण कुठे आहे ते सांगतो, नेमकी जागा शोधायला प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी, लागतो आणि उपसायला फावडं, तेही प्रत्येकाकडे, कारण ज्याच्या सॅकमध्ये फावडं तोच गाडला गेला तर? ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो, हातांनी उकरताच येत नाही, आणि गाडलेल्याला वाचवायला हातात जेमतेम 10-15 मिनिटं असतात. जायच्या आधी चौघांनी मिळून दोन-तीनदा शोधायचा सराव करा, घड्याळ लावून.