रोमला गेल्यावर खुर्चीत बसू नका

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं: युरोपातलं एकच शहर, खिसा हलका, काय अडचण वाटते ते कळवा. आलेल्या पत्रांत रोमच जास्त निघालं. माझा संसार तिथे काही वर्षं झाला, पिआझ्झा व्हित्तोरिओजवळ, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्याचाच हा परिणाम असणार. खालचे दर मला माहीत असलेले आहेत, निघण्याआधी एकदा ताडून पाहा. हिशेबाला युरोचे शंभर रुपये धरा आणि वर थोडी पुस्ती ठेवा.

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. सहल कंपनीचं पत्रक आणलंय, दहा दिवसांत सहा देश. आकडा ऐकून ह्यांनी चष्माच काढून ठेवला. मला खरं तर फक्त रोम बघायचंय. एका शहरासाठी आठ दिवस जाणं वेडेपणा ठरेल का?
*– एक वाचक, मिरज*

वेडेपणा असलाच तर त्या पत्रकात आहे. युरोपात पैसा खातं ते एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, दर दोन रात्रींनी नवी खोली, आणि भुकेल्या पोटी समोर दिसेल त्या हॉटेलात शिरणं. एका जागी बिऱ्हाड केलंत की हे तिन्ही खर्च आपोआप कापले जातात.

काही खर्चांत घासाघीस नाही. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. विमानाचं भाडं मात्र तुमच्या हातात आहे, कारण निवृत्तांना मे महिन्याची सक्ती नाही. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरा. पाऊस लागेल, छत्री न्या. नाताळ, ईस्टर टाळा. ऑगस्टच्या उन्हात तर रोमची माणसंच गाव सोडून पळतात.

राहायला नन्स चालवतात त्या अतिथीगृहांची चौकशी करा. शहरात अशी बरीच आहेत. खोली साधी, चादर कडक इस्त्रीची, आणि रात्री ठरावीक वेळेला दार बंद. तुमच्या वयाला त्याचा त्रास नाही, तरुणांना होतो. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर मिळालं तर आणखी बरं. कुठेही उतरलात तरी पालिकेचा मुक्काम कर माणशी, दर रात्रीचा, वेगळा द्यावा लागतो. बुकिंगच्या आकड्यात तो बहुधा नसतो आणि निघताना लोक काउंटरवर भांडत बसतात.

आता तुम्हाला जे बघायचंय त्याबद्दल. रोममधली कितीतरी उत्तमोत्तम चित्रं आणि शिल्पं संग्रहालयांत नाहीत, चर्चमध्ये आहेत, आणि चर्चला तिकीट नाही. (पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ, आता चर्च, तिथे २०२३पासून ५ युरो लागतात, तो अपवाद.) पिआझ्झा नव्होनाजवळ सान लुइजी देई फ्रान्चेझी नावाचं फ्रेंचांचं चर्च आहे. आत शिरून डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं, संत मॅथ्यूची. त्यातलं एक करवसुली करणाऱ्यांचं: मेजाभोवती माणसं नाणी मोजत बसलीत, उजवीकडून उजेडाची तिरीप येते आणि तिच्याबरोबर ख्रिस्ताचा हात. १६०० सालच्या सुमाराची ही चित्रं ज्या भिंतींसाठी काढली, त्याच भिंतींवर आजही आहेत.

कोनाड्यात अंधार असतो. बाजूच्या डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खट्‌कन जातो. मग सगळे एकमेकांकडे बघत उभे, नाणं कोण टाकतंय याची वाट बघत. त्यात सगळ्या देशांची माणसं असतात, आपलीच असं नाही. तुम्ही निदान एक तरी टाका.

तिथून चालत पाच मिनिटांवर सान्तागोस्तिनो. काराव्हाज्जोचंच चित्र: दारात बाळाला घेऊन मेरी, समोर गुडघे टेकलेले दोन यात्रेकरू, आणि आपल्या डोळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याचे मळके, अनवाणी तळवे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना इथे नेलं. नऊवारीतल्या सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हा चालत आलेला दिसतोय.” कलेच्या इतिहासाची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली, पण त्या चित्राबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

त्याच सकाळी सान्ता मारिया सोप्रा मिनेर्व्हामध्ये मायकेलअँजेलोचा ख्रिस्ताचा पुतळा बघून होतो (बाहेर बेर्निनी या शिल्पकाराच्या कल्पनेतला हत्ती पाठीवर ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी खांब, घेऊन उभा आहे, आपल्या हत्तींशी तुलना करू नका), आणि सान्तिन्यात्सिओमध्ये सपाट कापडावर रंगवलेला खोटा घुमट. फरशीवर खूण केलेल्या जागी उभं राहिलं की तो खरा वाटतो, चार पावलं सरकलं की कलंडतो. दुसऱ्या एका दिवशी सान पिएत्रो इन व्हिन्कोली, तिथे मायकेलअँजेलोचा मोझेस. सगळं फुकट. दुपारी बरीच चर्च काही तास बंद असतात, म्हणून सकाळी लवकर निघा, दुपारी जेवून झोपा, चारनंतर पुन्हा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीवर पदराला शाल घेतलीत की कुणी अडवत नाही.

पैसे एकाच ठिकाणी मोजा: कलोसियम. साधं तिकीट १८ युरो, त्यात फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटिन टेकडीही येते. अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, नावाने मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. दारापुढे “रांग चुकवून देतो” म्हणणारे उभे असतात, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. आणि शिक्षक म्हणून ज्या फोरमचा नकाशा कधी फळ्यावर काढला असेल तो तिन्हीसांजेला काम्पिदोल्यो टेकडीच्या मागच्या कठड्यावरून बघा. दिवे लागलेले असतात आणि तिकीट नसतं.

आम्ही शाकाहारी, लसूण-कांदा चालतो, अंडंसुद्धा नाही. डबा नेऊ का? तिकडे म्हणे हॉटेलात पाण्याचेही पैसे घेतात.
*– एक वाचक, डोंबिवली*

घेतात. म्हणून पाणी रस्त्यावर प्यायचं. रोममध्ये अडीच हजारांच्या आसपास ओतीव लोखंडाचे सार्वजनिक नळ आहेत, ‘नाझोनी’ म्हणतात, १८७०च्या दशकापासूनचे. पाणी दिवसरात्र वाहतं, थंड आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारक्या भोकातून धार उडते, ती तोंडात घ्यायची. बाटली एकदाच विकत घ्या आणि भरत राहा.

कॉफी उभ्याने. तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान. फळीपाशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो सव्वा-दीड युरोत होते. तीच बाहेरच्या खुर्चीत, विशेषतः नावाजलेल्या चौकात, कितीतरी पट पडते. रोमची माणसं स्वतः उभ्यानेच पितात, त्यामुळे कमीपणा कसलाच नाही. अशी कॉफी घेतली की त्या दुकानाचं स्वच्छतागृहही वापरता येतं. हा मुद्दा मला पाच पत्रांत अवघडून विचारलाय, म्हणून इथेच उत्तर. सेंट पीटरच्या चौकात फुकट सोय आहे.

दुपारचं जेवण वजनावरचा पिझ्झा, ‘पिझ्झा अल ताल्यो’. लांब ट्रेमधून कात्रीने कापून, तागडीत घालून देतात. किती हवा ते हातानेच दाखवायचं. बटाट्याचा, नुसत्या टोमॅटोचा, नुसता मीठ-तेलाचा पांढरा, हे तुम्हाला निर्धास्त. पण तीन ठिकाणी आपली शाकाहारी माणसं फसतात. ‘सुप्ली’ नावाचा तळलेला भाताचा गोळा दिसायला बटाटावड्याचा भाऊ, पण पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. भोपळ्याच्या फुलांची भजी बघून माणूस हरखतो. आत चीजबरोबर खारवलेला मासा असतो. आणि पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या रसाने) विरजतात, म्हणजे ‘काचो ए पेपे’ हा त्याच चीजचा पास्ता काटेकोर शाकाहाऱ्यांना चालणार नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ (मांस नको, मासा नको) हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. अंड्यासाठी ‘सेन्झा उओव्हा’. ताज्या पास्त्यात ते बहुधा असतं, सुक्या पास्त्यात नसतं.

डब्याचं म्हणाल तर चिवडा, भाकरवडी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी नको: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे. कढीपत्ता आणि आंबेही राहू द्या. कुकर नेऊ नका. पुष्कळ घरांत इंडक्शन असतं, त्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. तूरडाळ, भेंडी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, सगळं पिआझ्झा व्हित्तोरिओजवळच्या एस्क्विलिनो मंडईत मिळतं. दुकानदार बरेचसे बांगलादेशी, हिंदी चालतं. दुपार टळली की ते आवरायला लागतात आणि रविवारी बंद. माझी निम्मी भाजी दुपारी बाराच्या पुढची, उतरत्या भावाची असायची.

पन्नास हजारांत रोम होईल का? एका व्हिडिओत बघितलं.
*– एक वाचक, नाशिक*

नाही.

ताई, मी पुण्यात वास्तुशास्त्र (आर्किटेक्चर) शिकतो. एका सत्रासाठी मिलानला चाललोय, सुट्टीत चार दिवस रोम करीन. खर्च अगदी कमीत कमी हवाय. संग्रहालयं आणि बसचा एकत्र पास काढू का?
*– एक विद्यार्थी*

पास सहसा काढू नकोस. पास वसूल करायच्या नादात माणूस नको ती दालनं धावत बघतो. शहरातलं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. तेवढ्यात बस कितीही बदल, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. मोठा ‘टी’ लटकवलेल्या तंबाखूच्या दुकानांत मिळतं. बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात छापून घे. तिकीट खिशात पण छापलेलं नाही, तरी दंड होतो. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवूनही चालतं, फक्त मित्र बरोबर असेल तर त्याचं कार्ड वेगळं हवं.

तू मिलानहून रेल्वेने येशील, पण परतीचं विमान रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून असेल तर ऐक: तेर्मिनी या मुख्य स्टेशनाहून थेट लिओनार्दो एक्स्प्रेस १४ युरो. विमानतळाच्या त्याच स्टेशनात साधी लोकल ८ युरोंत त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से या स्टेशनांकडून जाते, आणि तेर्मिनीहून सुटणाऱ्या बस आणखी स्वस्त आहेत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. सगळं जग त्या दिवशी कलोसियमच्या रांगेत असतं. तू तेर्मिनी स्टेशनसमोरच्या पलात्सो मास्सिमोत जा. वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या घरातली आख्खी खोली आहे, चारी भिंतींवर रंगवलेली बाग, डाळिंबं आणि पक्षी. खाली मुष्टियुद्ध करून थकून बसलेल्या पहिलवानाचा ब्राँझचा पुतळा, चेहऱ्यावरच्या जखमा तांब्याने जडवलेल्या. व्हॅटिकनची संग्रहालयं शेवटच्या रविवारी फुकट, पण तिथली गर्दी बघता मी तिकीट काढून साध्या दिवशी जाईन.

आणि वास्तुशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक संध्याकाळ मेट्रो ‘ए’ने ज्युलिओ आग्रिकोलाला उतर. दहा मिनिटं चाललं की जलवाहिन्यांचं मैदान. शेतातून सम्राट क्लॉडियसच्या काळातल्या कमानी ओळीने गेल्यात, मधल्या पडल्यात, बाजूला पोरं फुटबॉल खेळतायत. ना कुंपण, ना तिकीट, ना माहिती सांगणारा. ट्रेव्हीच्या कारंज्यात नाणं टाकायला सगळे जातात. त्या कारंज्याला पाणी पुरवणारी वाहिनी मुळात इसवी सन पूर्व १९ मधली, ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पाने बांधलेली, हे मात्र फार थोडे विचारतात. (ट्रेव्हीतली नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास संस्थेला देतात. टाक, पण काराव्हाज्जोच्या दिव्यासाठी सुटे राखून.)

स्पॅनिश पायऱ्यांवर बसून सँडविच खाऊ नकोस. २०१९पासून तिथे बसायलाच बंदी आहे, पोलीस शिट्टी मारून उठवतात आणि दंडही करतात.

एवढा रोमचा पुळका कशाला? आपला काय संबंध?
*– एक वाचक, कोल्हापूर*

कोल्हापूरकरांनीच हे विचारावं? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात विसाव्या शतकाच्या मध्याला उत्खनन झालं, त्यात रोमन जगातून आलेल्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यातला पोसायडन, समुद्राचा देव, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभर मूर्ती. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून तो आला तो व्यापाऱ्यांबरोबर. कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं ग्रीक दर्यावर्द्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलेल्या वर्णनात आहेत. मी माहेरी आले की बघून येते. तुम्हाला तर रिक्षाचेही पैसे फारसे पडणार नाहीत.

बसमध्ये पाकीट मारतात का?
*– एक वाचक, पणजी*

मारतात, तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणाऱ्या ६४ आणि ४० नंबरच्या गर्दीत विशेष. पर्स पोटाशी, फोन मागच्या खिशात नाही. पासपोर्ट खोलीत कुलपात ठेवा आणि झेरॉक्स जवळ बाळगा. कलोसियमच्या दिवशी तेवढा मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, तोही आतल्या खिशात. आणि नदीपलीकडे व्हॅटिकनला जायचं असेल तर चाला ना. तेर्मिनीहून सेंट पीटर तासाभराचा रस्ता आहे, वाटेत नळ आहेत.